दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला का?

प्रश्न : मॅडम, आमचा धाकटा सतरा वर्षांचा, गावच्या तालमीत जातो. जोड खेळताना त्याचा घोटा मुरगळला आणि टम्म सुजला. मेडिकलमधून आणलेल्या गोळीनं दुसऱ्याच दिवशी आराम पडला. पण वस्ताद म्हणतात, सूज ही जखम भरायलाच आलेली असते, गोळीनं ती मारली की पाय कच्चा राहतो. आंबेहळदीचा लेप लावा. दोन आठवड्यांवर जत्रेचा फड आलाय, पोस्टरवर त्याचं नावही छापलंय. गोळी चालू ठेवू का? – एक पालक, येळ्ळूर

उत्तर : भाऊ, वस्तादांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. घोटा मुरगळतो तेव्हा हाडांना हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचे धागे ताणतात, काही तुटतात. तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळं सूज चढते आणि जागा हुळहुळी होते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या ती द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत. ॲस्पिरिनचं हे कोडं औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं, त्यासाठी १९८२ चं नोबेलही मिळालं. आता, जखम साफ करणाऱ्या पेशी याच सुजेबरोबर येतात. म्हणून ती दाबली तर दुरुस्ती रेंगाळेल का, ही शंका संशोधकांनाही आहे. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत हाड जुळायला उशीर झालेला दिसला. माणसांत मात्र पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो.

मला काळजी आहे ती वेगळीच. ऑस्ट्रेलियात कपूका इथं लष्कराच्या नव्या जवानांवर एक अभ्यास झाला, १९९७ मध्ये तो छापून आला. घोटा मुरगळलेल्या साडेतीनशेहून जास्त जवानांपैकी काहींना पायरोक्सिकॅम, म्हणजे याच जातीचं सूज उतरवणारं औषध दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषधवाल्यांचं दुखणं कमी झालं, ते कवायतीला लवकर परतले. पण तपासल्यावर त्यांच्यात घोट्याचा ढिलेपणा आणि आखडलेली हालचाल यांच्या खुणा सापडल्या. घोटा बरा होण्याआधीच पोरं पळायला लागली असणार, असं मला वाटतं. जवानाला निदान सपाट मैदान असतं. तुमच्या मुलाला हौद्यात कुणीतरी पट काढून त्याच पायावर फिरवणार.

तेव्हा आधी हे बघा. आधाराशिवाय चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबलं की तो ओरडत असेल, तर लेपही नको आणि गोळीही नको, बेळगावला नेऊन एक्स-रे काढा. तसं नसेल तर पॅरासिटामॉल पुरतं. मुका मार आणि मुरगळणं यांवरच्या चाचण्यांचा २०२० मध्ये जो एकत्रित आढावा निघाला, त्यात सूज उतरवणाऱ्या गोळ्या दुखणं कमी करण्यात पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. डायक्लोफेनॅकचं जेल घोट्यावर चांगलं लागू पडतं, आणि रक्तात फार थोडं जात असल्यानं पोटालाही बरं. आंबेहळद लावायची तर खुशाल लावा, फक्त खरचटलेल्या कातडीवर नको आणि जेलवर तिचा थर नको. लेप लावलेला पैलवान निदान तासभर एका जागी बसतो, हा तिचा मोठाच गुण आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. वजनगटात बसायला पोरं पाणी तोडतात, घाम काढतात. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा याच प्रोस्टाग्लँडिनवर तगून असतो. त्यात सूज उतरवणारी गोळी पोटात गेली तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं, तेही तरण्याताठ्या पोराचं. पाणी तोडलेल्या दिवसांत ही गोळी अजिबात नको.

फडाचं म्हणाल, तर गोळी न घेता दुखऱ्या पायावर एकट्यानं उभं राहता आलं पाहिजे, लंगडी घालता आली पाहिजे, न दुखता बैठका मारता आल्या पाहिजेत. तोल सावरण्याचा सराव आत्तापासून रोज करू द्या. घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून याच्याइतका उपयोगी व्यायाम नाही. हे दोन आठवड्यांत जमलं नाही, तर पोस्टरवरचं नाव राहू द्या पोस्टरवर.

प्रश्न : बैलाचा पाय लचकलाय. माझ्यासाठी आणलेलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घरात शिल्लक आहे, ते टोचलं तर चालेल? – एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : नाही. मी माणसांची डॉक्टर, पण हे ठाऊक आहे. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे २००४ मध्ये सिद्ध झालं. जनावरांसाठी हे औषध आपल्याकडे २००६ पासून बंद आहे. तरी लोक माणसांची मोठी बाटली गोठ्यात न्यायचे, म्हणून २०१५ मध्ये ती ३ मिलिलिटरवर आणली. बैल सरकारी पशुवैद्यांना दाखवा आणि मेलॉक्सिकॅम चालेल का ते विचारा. ते गिधाडांना बाधत नाही.