आईकडे राहायला गेलात आणि सूट गेली? आधी घरातली डोकी मोजा

ताई, तुमचं पत्र वाचलं. सगळ्यात आधी एक सांगते: रागाच्या भरात कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या (कौन्सिलच्या) घरपट्टीचा, हप्ता थांबवू नका. तक्रार चालू असली तरी बिल चालूच असतं. हप्ता चुकला की स्मरणपत्र, तेही दुर्लक्षलं की वर्षाची उरलेली रक्कम एकदम, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च वर. जास्त भरलेले पैसे परत मिळतात. समन्सचा खर्च परत मिळवताना मात्र नाकी नऊ येतात.

आता तुमची गोष्ट मला समजली तशी मांडते, चुकत असेन तर सांगा. आई ७९ वर्षांची, घर इंग्लंडच्या मिडलँड्स भागात. कागदावर आई आणि लंडनला राहणारा तुमचा भाऊ, दोघांची नावं. बाबा गेल्यापासून आई एकटी होती म्हणून बिलात २५ टक्के सूट होती. दीड वर्षापूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं, नंतर अटेंडन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयाच्या, काळजीची गरज असलेल्या माणसाचा सरकारी भत्ता) सुरू झाला. जानेवारीत तुम्ही भाड्याचा फ्लॅट रिकामा करून आईकडे गेलात आणि प्रामाणिकपणे कौन्सिलला कळवलंत. त्यांनी सूट काढली आणि आईच्या जोडीला तुमचं नाव टाकून पूर्ण बिल पाठवलं. शिवाय एप्रिलमध्ये पुण्याहून मावशी सहा महिने मदतीला येणार, तर ‘तिसरं माणूस’ धरून आणखी काही वाढेल का, ही धास्ती.

मी एका कौन्सिलच्या टॅक्स विभागात अकरा वर्षं काम केलं आणि घरी सासऱ्यांचं सगळं केलं, त्यामुळे हे प्रकरण दोन्ही बाजूंनी पाहिलंय. खाली लिहिते ते इंग्लंडपुरतं. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये तपशील बदलतात.

बिल कुणाच्या नावावर, हा प्रश्न सोपा आहे. कौन्सिल टॅक्सच्या १९९२ च्या कायद्यात जबाबदारीची उतरंड दिली आहे: सगळ्यात वर त्या घरात राहणारा मालक, मग तिथे राहणारा भाडेकरू, असं खाली खाली. वरच्या पायरीवर कुणी सापडलं की खालच्यांकडे जायचंच नाही. तुमच्या घरात राहणारी मालक फक्त आई. भाऊ मालक आहे पण राहत नाही, तुम्ही राहता पण मालक नाही. म्हणजे बिल एकट्या आईच्या नावाचं. जोडीनं जबाबदारी येते ती एकाच पायरीवरच्या दोघांवर किंवा नवरा-बायको, जोडीदार यांच्यावर. लेकीवर ती येत नाही. तेव्हा तुमचं नाव काढायला सांगा. (आईच्या खात्यातून पैसे तुम्हीच भरत असाल, पण भरणं वेगळं आणि देणेकरी असणं वेगळं.)

खरी मेख पुढे आहे. पूर्ण बिल हे दोन प्रौढ धरून केलेलं असतं. मोजण्याजोगं एकच डोकं असेल तर २५ टक्के सूट, एकही नसेल तर ५० टक्के. दोनाची तीन किंवा पाच झाली तरी बिल वाढत नाही. वयाचा इथे काही संबंध नाही. ‘आई पेन्शनर आहे, तिला सूट नाही का?’ हे मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलंय. नुसत्या म्हातारपणाला या कायद्यात सूट नाही. पण काही माणसं घरात असूनही मोजली जात नाहीत. तुमच्या घरात अशी एक नक्की आहे, आणि माझ्या मते दोन आहेत.

पहिली आई. कायद्यातला शब्द आहे ‘सिव्हिअर मेंटल इम्पेअरमेंट’. तो ऐकून भाऊ भडकला, ‘आई काय वेडी आहे का’ म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. त्याला समजावा. हा शब्द फक्त टॅक्सच्या फॉर्मवरचा आहे. बुद्धी आणि लोकांत वावरण्याची क्षमता गंभीरपणे आणि कायमची खालावली, एवढाच त्याचा अर्थ. कारण डिमेन्शिया असो, स्ट्रोक असो, काहीही असो. दोन गोष्टी लागतात: डॉक्टरचा दाखला आणि अटेंडन्स अलाउन्ससारख्या ठरलेल्या भत्त्याचा हक्क. भत्ता आईला आहेच. जीपीकडून (आईच्या नेहमीच्या डॉक्टरकडून) दाखला घ्या, आणि घेताना त्यावर ‘कधीपासून’ ही तारीख घालायला लावा. तारखेशिवायच्या दाखल्यावर कौन्सिल सहीच्या दिवसापासूनच हिशेब धरेल, आणि तुमचे खरे पैसे त्या आधीच्या महिन्यांत अडकलेत.

कसे ते बघा. आई एकटी राहत असताना, निदान झाल्यावर आणि भत्ता सुरू झाल्यावर, त्या घरात फक्त न मोजली जाणारी आईच होती. अशा घराला सूट नसते, संपूर्ण माफी असते. कौन्सिलच्या यादीत हा ‘क्लास यू’. म्हणजे भत्ता सुरू झाल्यापासून तुम्ही राहायला जाईपर्यंत आईनं ७५ टक्के भरले, आणि भरायचं होतं शून्य. हे मागच्या तारखेपासून मागता येतं. अर्जात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर कुणी आपणहून मागे जाऊन बघत नाही. मी आतून सांगतेय.

तुम्ही राहायला गेलात त्या दिवशी ही माफी संपली, कारण घर आता ‘फक्त’ आईचं राहिलं नाही. आई तरीही मोजायची नाही, उरलात तुम्ही एकट्या, म्हणून किमान २५ टक्के सूट आहेच. कौन्सिलनं ती काढली कारण त्यांच्याकडे आईच्या आजाराचा कागदच नाही. आणि तुम्हीही मोजल्या गेला नाहीत तर ५० टक्के. समजा वर्षाचं पूर्ण बिल २,००० पौंड आहे. आई एकटी होती तोवर शून्य, तुम्ही गेल्यावर १,५०० किंवा १,०००. काळजी घ्यायला गेलेल्या लेकीमुळे बिल शून्यावरून वर चढतं, हे विचित्र आहे, पण कायदा तसाच आहे.

तुम्ही न मोजल्या जाण्याचा रस्ता म्हणजे केअरर, म्हणजे काळजी घेणारी व्यक्ती म्हणून. अटी अशा: त्याच घरात राहायचं, आठवड्याला सरासरी किमान ३५ तास काळजी घ्यायची, ज्याची घ्यायची त्याला ठरलेला भत्ता हवा, आणि ते माणूस तुमचा जोडीदार किंवा तुमचं १८ वर्षांखालचं मूल नसावं. आई चालते. नवऱ्यानं बायकोचं कितीही केलं तरी ते इथे धरत नाहीत, हा अन्याय मला अजून खटकतो. केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याला मिळणारा सरकारी भत्ता) मिळत असलाच पाहिजे अशी अट नाही आणि नोकरी करू नये अशीही नाही. तुम्ही आठवड्याचे तीन दिवस घरून काम करता, ते लपवू नका.

३५ तास कसे दाखवायचे, इथे बहुतेक जण घसरतात. मीही घसरले. सासऱ्यांच्या वेळी फॉर्मवर ‘आंघोळ, जेवण, औषधं यात मदत करते’ एवढंच लिहिलं आणि अर्ज परत आला. ज्या टेबलावर मी दुसऱ्यांचे असे अर्ज तपासायचे, त्याच प्रकारच्या टेबलावरून. मग एक आठवडा वहीत टिपत बसले: पहाटे तीनला उठून ते दार उघडायचे तेव्हा परत आणून झोपवणं, ओली चादर बदलणं, गॅसपाशी जाऊ नयेत म्हणून स्वयंपाकघरात लक्ष ठेवणं, एक पोळी खाऊ घालायला लागणारा पाऊण तास. बेरीज पन्नाशीपार गेली. आपण याला ‘काळजी’ म्हणून मोजतच नाही, घरचंच काम समजतो. तुम्हीही एक आठवडा टिपा, आणि रात्री विसरू नका.

आमच्या घरी मात्र शेवटी २५ टक्केच मिळाले. सासरे मोजायचे नव्हते, केअरर म्हणून मीही मोजायची नव्हते, पण नवरा उरला. आणि मी केअरर ठरले नसते तर नवरा-बायको अशी दोन डोकी राहून काहीच मिळालं नसतं, सासऱ्यांचा दाखला कितीही पक्का असला तरी. मुलगा-सून आणि सोबत आजारी सासू-सासरे अशा घरांनी हे लक्षात ठेवा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की जुन्या फ्लॅटचा करार मार्चअखेरपर्यंत आहे आणि तिकडचंही बिल येतंय. ते भरण्याआधी तिकडच्या कौन्सिलला ‘क्लास जे’ विचारा. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे काळजीची गरज असलेल्या माणसाकडे ती घ्यायला राहायला गेल्यामुळे मागे रिकामं पडलेलं घर, मग ते स्वतःच्या मालकीचं असो की भाड्याचं, त्याला माफी आहे. ही फारशी कुणाला माहीत नसते.

आईचं उत्पन्न कमी असेल तर वर सांगितलेल्या सवलतीनंतर उरलेल्या बिलावर कौन्सिल टॅक्स रिडक्शन, म्हणजे कमी उत्पन्नासाठीची कपात, वेगळं मागा. पेन्शनच्या वयाच्यांसाठी त्याचे नियम देशभर ठरलेले आहेत आणि ते पूर्ण बिलापर्यंत जाऊ शकतं. बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर मिळत नाही, गॅरंटी पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) असेल तर गोष्ट वेगळी. एरवी घरात मोठं मूल राहत असेल तर यात कपात होते, पण आईला अटेंडन्स अलाउन्स आहे म्हणून तुमच्यामुळे कपात होऊ नये. केली असेल तर हरकत घ्या. आणि हो, आईच्या नावावर डोंबिवलीचा फ्लॅट, बँकेतल्या एफडी असं काही असेल तर ते सगळं बचतीत धरतात. तिकडचं इकडे कुणाला दिसत नाही असं समजू नका. आईला पेन्शन क्रेडिटमध्ये सिव्हिअर डिसॅबिलिटीची जादा रक्कम मिळत असेल तर तुम्ही राहायला गेल्यानं ती बंद होऊ शकते. ते पेन्शन खात्याला कळवलं नसेल तर आजच कळवा, नंतरची वसुली जड जाते.

आता पत्र. फोनवर भांडू नका, लेखी द्या. तीन मागण्या: माझं नाव काढा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत क्लास यू लावा, त्यानंतर ५० टक्के सूट द्या. सोबत दाखला, भत्त्याचं पत्र, केअररचा फॉर्म. आईच्या वतीनं सही करायला पॉवर ऑफ अॅटर्नी असेल तर तिची प्रत. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे (कौन्सिल टॅक्सचे वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. पण मुदती असतात, म्हणून पत्राची तारीख जपून ठेवा.

राहिली मावशी. डोकं मोजायचं ते ज्याचं कायमचं घर हे आहे त्याचं. मावशीचं घर पुण्यात, ती व्हिजिटर व्हिसावर येणार आणि परत जाणार, तेव्हा ती मोजली जात नाही. तिला खुशाल बोलवा. फक्त परतीच्या तिकिटाची आणि व्हिसाची एक प्रत याच फाइलमध्ये ठेवा, कारण कौन्सिल अधूनमधून सूट असलेल्या घरांची पडताळणी करतं आणि नेमकं तेव्हाच दार मावशी उघडते.