गढूळ पाण्यात निळा बँड मायनसमध्ये काहून जाते?

भाऊ, तुमचे प्रश्न दोन आहेत. पावसाळ्यातल्या गोसेखुर्द धरणाच्या सेंटिनल-२ (युरोपचा सॅटेलाइट) इमेजवर हवेचा परिणाम काढायचं करेक्शन केलं तर निळा बँड, म्हणजे निळ्या उजेडाचा आकडा, मायनसमध्ये जाऊन राहिला, अन गावच्या मामा तलावात काठाकाठानं नुसतं शेवाळच दिसून राहिलं. भानगडी वेगवेगळ्या आहेत, एका सेटिंगनं दोन्ही सुटणार नाहीत.

गोसेखुर्दचं आधी. पाण्यावरून सॅटेलाइटपर्यंत जो उजेड पोचते त्यातला बहुतेक हवेचाच असते, पाण्यातून आलेला थोडासा, म्हणून हवेचा वाटा वजा करावा लागते. तुम्ही वापरलेली गॉर्डन अन वांग या शास्त्रज्ञांची १९९४ ची पद्धत धरून चालते की निअर इन्फ्रारेडमध्ये (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड) पाणी पूर्ण काळं, तिथं जे दिसलं ते सारं हवेचं. खोल समुद्रात हे चालून जाते. पण वैनगंगेला पूर आला की गाळ तिथंही चमकते, सॉफ्टवेअर त्याला हवेतली धूळ समजते अन तोच हिशोब निळ्यापर्यंत ओढत नेऊन गरजेपेक्षा जास्त वजा करते, मग मायनस येणारच ना बाप्पा.

म्हणून हवेचा अंदाज त्याच्याही पलीकडच्या शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडवरून घ्या, सेंटिनलचे बी-११ अन बी-१२ बँड, म्हणजे १६१० अन २१९० नॅनोमीटरच्या आसपास. तिथं पाणी स्वतःच इतकं शोषते की चहासारखं गढूळ असलं तरी जवळपास काळंच राहते. या बँडमध्ये नॉइज मात्र जास्त, एकेका पिक्सेलवर भरोसा ठेवू नका, आजूबाजूचे धरून सरासरी काढा. मी तर सरळ अ‍ॅकोलाइट वापरा म्हणीन, पाण्यासाठीचं करेक्शन सॉफ्टवेअर, बेल्जियमवाल्यांचं आहे, फुकट आहे, त्यात डार्क स्पेक्ट्रम फिटिंग (इमेजमधल्या सर्वात काळ्या जागांवरून हवेचा अंदाज घ्यायची पद्धत) ठेवा. त्याला लेव्हल-१सी (करेक्शन न झालेली फाइल) द्या, २ए (करेक्शन झालेली) नको. २ए सेनटूकोर नावाच्या सॉफ्टवेअरमधून येते, ते मुळात जमिनीसाठी आहे, गर्द झाडी शोधून हवेचा अंदाज लावते. अन हातानं हिशोब करत असाल तर २५ जानेवारी २०२२ पासूनच्या फाइलींमध्ये आकड्यातून आधी १००० वजा करायचे, मग १०००० नं भागायचं. हे लय जण विसरतात.

आता मामा तलाव. चारही बाजूनं हिरवं धान, ते निअर इन्फ्रारेडमध्ये जोरात चमकते अन हवेतून विखरून तो उजेड पाण्याच्या पिक्सेलमध्ये घुसते. काठाचं तुमचं शेवाळ बरंचसं तेच. त्यात कोणी शिंगाडा लावला असला तर पानं पाण्यावरच पसरलेली, तिथं शॉर्टवेव्हही काळं राहत नाही, तो भाग मास्कच करा, म्हणजे हिशोबातून झाकून टाका. काठापासून चारपाच पिक्सेल सोडून द्या. सोडल्यावर मधात काही उरतच नसेल तर त्या तलावाचा क्लोरोफिलचा (शेवाळाच्या हिरव्या रंगाचा) आकडा काढूच नका, फारतर लाल बँडवरून गढूळपणा कमीजास्त झाला एवढं पाहा.

मे-जूनच्या इमेज घेत असाल तर सूर्य डोक्यावर असते, पाणी आरशावानी चकाकते, तेव्हा ग्लिंट करेक्शन (ही चकाकी काढायची सेटिंग) चालू ठेवा. तुमच्या इमेजची तारीख अन टाइल नंबर (इमेजच्या चौकोनाचा नंबर) टाका, चालवून पाहतो.