जीपी ट्रेनिंगमध्ये एआरसीपीला आउटकम ५ मिळाला तर पुढे काय होतं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये एसटी टूला (जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर व्हायच्या ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला) आहात, एआरसीपी (वर्षाच्या प्रगतीची पॅनेलकडून होणारी तपासणी) दोन महिन्यांवर आलंय, आणि फॉर्म आर (आपण स्वतः भरून द्यायची माहिती), ईएसआर (सुपरवायझरचा अहवाल), परीक्षा, सीसीटी (ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र) या सगळ्याचा क्रम कसा लावायचा ते कळत नाही. शेवटी विचारलंय, आउटकम ५ आला तर नाव खराब होतं का? मला तो आला होता, म्हणून आधी त्याचंच सांगते.

नाही, नाव खराब होत नाही. आउटकम म्हणजे पॅनेलचा निकाल, आणि ५ म्हणजे पॅनेलपुढे आलेले कागद अपुरे होते, एवढंच. पॅनेल तुम्हाला समोर बसवत नाही, तुमचा पोर्टफोलिओ (वर्षभराच्या नोंदी) उघडतं आणि त्यात जे आहे तेवढंच बघतं. थोड्या दिवसांची मुदत मिळते, राहिलेलं दिलं की खरा निकाल लागतो. हे आज शांतपणे लिहितेय. त्या संध्याकाळी ईमेल आला तेव्हा मी हॉस्पिटलबाहेर बसस्टॉपवर होते. माझ्या तीन बस निघून गेल्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले, मिरजेला. पहाटे तीनला दादाचा फोन आला. मिळेल त्या विमानाने निघाले, तरी अंत्यविधीला पोचले नाही. तेराव्यापर्यंत थांबले, आईला दादाकडे सोडलं आणि परत येऊन तिसऱ्या दिवशी बालरोग विभागात नाइट ड्युटीला उभी राहिले. पंधरवड्यात झोप उडाली. शेवटी सात दिवस आजारपणाची रजा घेतली. इथे सात दिवसांपर्यंत स्वतःच्या सहीवर घेता येते. त्याआधी नोव्हेंबरात फ्लूने चार दिवस घरी होते.

मे महिन्यात फॉर्म आरचा भाग ब भरायला बसले. गेल्या एआरसीपीपासून ट्रेनिंगबाहेर किती दिवस होतात, असा त्यात एक रकाना असतो. मी लिहिलं ४. फ्लूचे चार.

बाकीचे का लिहिले नाहीत? दडवायचे होते म्हणून नाही. त्या रकान्यापुढे आजारपण, बाळंतपण, करिअर ब्रेक, ज्यूरी ड्युटी, विनावेतन रजा अशी यादी असते. त्या यादीत बाबांना बसवणं माझ्याच्याने होईना. त्यात आदल्याच आठवड्यात दादाशी खटका उडाला होता. रजेचे दिवस मोजून कळवावे लागतात असं मी बोलता बोलता म्हटलं, तर तो उसळला. "बाबांच्या दिवसांचासुद्धा हिशोब द्यायचा का तिथल्या लोकांना? डॉक्टरकी करायला गेलीस की कारकुनी?" दादा सर्जन आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याच्यापुढे मी कधी बोललेली नाही. तेव्हाही बोलले नाही, आणि फॉर्म त्याच्या मनासारखा भरला.

नोकरीच्या कार्यालयाकडे मात्र माझा चोख हिशोब होता. दुखवट्याची पगारी रजा ५, विनावेतन ६, आजारपणाचे ७ आणि ४. एकूण २२. वार्षिक रजा आणि स्टडी लीव्ह यात धरत नाहीत, पण दुखवट्याची रजा धरतात. मला एकाने अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं की धरत नाहीत, आणि मी फॉर्मवरची सूचना वाचायच्या ऐवजी त्याच्यावर विसंबले. फॉर्मखाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून माझी सही. माझे ४, त्यांचे २२, म्हणून आउटकम ५. सही खोटी ठरणार, प्रामाणिकपणावर ठपका येणार, डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जीएमसीकडे प्रकरण जाणार, असं सगळं मी त्या बसस्टॉपवर मनात रंगवलं.

प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगच्या प्रोग्राम डायरेक्टर बाईंचा फोन आला. त्यांनी आधी विचारलं, कोण गेलं? मी सांगितलं. मग विचारलं, हे तुझ्या सुपरवायझरला माहीत आहे का? नव्हतं. त्यांना मी 'घरगुती कारणासाठी भारतात जातेय' एवढंच कळवलं होतं. बाई म्हणाल्या, फॉर्म दुरुस्त कर, अर्धं पान खुलासा लिही, सुपरवायझरशी आजच बोल. चार दिवसांत सगळं अपलोड झालं आणि आउटकम १, म्हणजे प्रगती समाधानकारक, मिळाला. वर्षात १४ दिवसांपेक्षा जास्त बाहेर असलात तर ट्रेनिंग वाढवायचं का ते तपासतात. माझी सीसीटीची तारीख आठ दिवसांनी पुढे गेली. आठच दिवस! त्यासाठी मी दोन रात्री जागून काढल्या होत्या.

आता दादाच्या बोलण्याकडे येते, कारण ते अजून सलतं.

डॉक्टर पेशंट बघून घडतो, कागद भरून नाही, हे त्याचं ठाम मत. माझंही होतं. आपल्याकडे इंटर्नशिपला लॉगबुक शेवटच्या आठवड्यात सह्या गोळा करून पूर्ण करायची रीत, त्यामुळे कागद म्हणजे सोपस्कार हे अंगात मुरलेलं असतं. पण इथे हा फॉर्म कुठून आला ते बघा. हॅरोल्ड शिपमन हा मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा जीपी. एकट्याची प्रॅक्टिस, लोकांचा लाडका डॉक्टर. २००० साली त्याला १५ खुनांबद्दल शिक्षा झाली, आणि नंतरच्या सरकारी चौकशीने त्याच्या बळींची संख्या २१५ काढली. सगळे त्याचेच पेशंट. मृत्यूच्या दाखल्यांवर त्याचीच सही, आणि त्या सहीकडे वर्षानुवर्षं कुणी नीट बघितलं नाही. डॉक्टरने ठराविक काळाने आपलं काम दुसऱ्याला दाखवायचं, ही रीव्हॅलिडेशनची पद्धत डिसेंबर २०१२ पासून सुरू झाली, तिच्यामागे ती चौकशीही आहे. ट्रेनिंगमधल्या डॉक्टरसाठी फॉर्म आर आणि एआरसीपी म्हणजे तेच. दादा म्हणतो तशी ही कारकुनी नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्याकडे बघावं, याची ती सोय आहे.

आणि बघायला हवंच होतं. आजारपणाच्या रजेवर जायच्या आदल्या आठवड्यात एका मुलाचे वडील मला बाळाच्या तापाबद्दल काही विचारत होते आणि मला त्यांचं वाक्य ऐकूच येत नव्हतं. मी तिथून उठून गेले, सिस्टरने पुढचं सांभाळलं. बाळाला काही झालं नाही. पण त्या अवस्थेत मी रात्रपाळी करत होते आणि माझ्या सुपरवायझरला काहीच माहीत नव्हतं, कारण घरचं दुःख बाहेर काढायचं नाही असं आम्ही दोघा भावंडांनी ठरवून टाकलं होतं. खुलासा लिहिल्यावर हा प्रसंग मी पोर्टफोलिओच्या लॉगमध्येही टाकला. तोपर्यंतचे माझे सगळे केस रिव्ह्यू (बघितलेल्या पेशंटवरच्या नोंदी) म्हणजे एमबीबीएसच्या केस प्रेझेंटेशनसारखे, तक्रार, तपासणी, निदान, उपचार. सुपरवायझर दर वेळी लिहायचे, यात तू कुठे आहेस? या नोंदीखाली त्यांनी तसं लिहिलं नाही.

दादाला हे मी अजून तोंडावर सांगितलेलं नाही. वर्षश्राद्धाला गेले तेव्हा त्याने तोच विषय काढला, 'तिथे बापाचंही मोजतात' म्हणून सगळ्यांना सांगितलं. मोजतात, दादा. मोजतात म्हणूनच कुणीतरी फोन करून कोण गेलं ते विचारलं. तू अकराव्या दिवशी ऑपरेशनला उभा राहिलास, तुला कुणी विचारलं?

तुमच्या क्रमाचं विचारलं होतंत. आधी नोकरीच्या कार्यालयाला मेल करून तुमच्या नोंदलेल्या रजा लेखी मागवा, मगच फॉर्म आर भरा. बाहेर लोकम (बदली डॉक्टरचं) किंवा स्वयंसेवी काम केलं असेल तर तेही त्यात लिहावं लागतं. केस रिव्ह्यू वर्षाला ३६ लागतात, म्हणजे महिन्याला तीन. एप्रिलमध्ये वीस लिहायला बसू नका, तारखा दिसतात. सीपीआरचं प्रमाणपत्र प्रत्यक्ष केलेल्या कोर्सचं हवं, नुसतं ऑनलाइन चालत नाही, आणि तो कोर्स ऐनवेळी मिळत नाही. सेफगार्डिंगचं, म्हणजे अत्याचारापासून संरक्षणाचं, प्रशिक्षण लहान मुलांचं आणि प्रौढांचं, दोन्ही. ईएसआरची तारीख सुपरवायझरकडून आत्ताच घ्या, ते सुट्टीवर गेले तर तुमचा ५ ठरलेला. एकेटी (ज्ञानाची परीक्षा) एसटी टूमध्ये काढून टाका. एससीए (पेशंटशी बोलण्याची परीक्षा) थर्ड इयरलाच देता येते. बारा कन्सल्टेशन्स, प्रत्येकी बारा मिनिटं. त्या वर्षी दोन्ही परीक्षा एकत्र ठेवणं म्हणजे हाल. सीसीटीचा अर्ज स्वतः जीएमसीकडे करायचा असतो, फी भरून. आउटकम ६ (ट्रेनिंग पूर्ण) मिळाला की आपोआप होतं असं समजून बसू नका.

हे सगळं इंग्लंडमधल्या पूर्णवेळ ट्रेनीचं आहे. अर्धवेळ असाल तर आकडे वेगळे पडतात, आणि चौदा दिवसांवर गेलेले दिवस कसे धरायचे ते पॅनेल ठरवतं, माझे आठ म्हणून तुमचेही तसेच येतील असं नाही. व्हिसावर असाल तर सीसीटीची तारीख हलली की स्पॉन्सरशिपची तारीख त्याच दिवशी तपासा. मी पाच आठवड्यांनी तपासली, हे चुकलंच. आउटकम ३ (ट्रेनिंग वाढवणं) किंवा ४ (ट्रेनिंगमधून काढणं) ची गोष्ट वेगळी, तिथे अपील असतं आणि तिथे माझ्यासारख्या अनोळखी बाईचं ऐकण्यापेक्षा आधी आपल्या डॉक्टर संघटनेला फोन करा.