‘जलमग्न’ नको, ‘जलांतर्गत तरंगता बोगदा’ म्हणावे

एका वाचकाने विचारले आहे की, नॉर्वेतील रस्त्यांविषयीच्या लेखनात येणाऱ्या ‘सबमर्ज्ड फ्लोटिंग टनेल’ या संज्ञेसाठी ‘जलमग्न तरंगता बोगदा’ हा प्रतिशब्द योग्य आहे का. जे बुडाले ते तरंगेल कसे, आणि त्यापेक्षा ‘समुद्राखालील बोगदा’ असे सरळ का म्हणू नये?

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. ‘समुद्राखालील बोगदा’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे, पण तो वेगळ्या वस्तूसाठी. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर ठाणे खाडीखालून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा आखलेला आहे. तो खाडीच्या तळाखालच्या भूस्तरांतून जातो, म्हणजे त्याच्या माथ्यावर आधी जमीन आणि मग पाणी. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणाऱ्या ओरेसुंड मार्गावरील बोगदा आणखी निराळा आहे: काँक्रीटचे तयार खंड समुद्रतळावर खणलेल्या चरात एकापुढे एक बसवून तो तयार केला आहे. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो बोगदा या दोहोंप्रमाणे तळाशी टेकतच नाही. पृष्ठभागाखाली साधारण २० ते ५० मीटरांवर, वरून जहाजे निर्वेध जावीत इतक्या खोलीवर, तो पाण्यातच असतो, आणि त्याच्या खाली आणखी शेकडो मीटर पाणी असू शकते.

असे काही करावेसे का वाटावे, हे कळले की शब्दाची निवड सोपी होते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याने क्रिस्तियानसानपासून त्रोनहाइमपर्यंत जाणारा ई-३९ हा महामार्ग सुमारे १,१०० किलोमीटरचा आहे, आणि तो सलग करण्याची योजना आखली गेली तेव्हा त्यावर सात ठिकाणी फेरीबोटीने फिओर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची खोल खाडी, ओलांडावे लागत असे. त्यांतील सोग्नेफिओर्ड ओलांडण्याच्या जागी सुमारे ३.७ किलोमीटर रुंद आणि १,२०० मीटरांहून अधिक खोल आहे. झुलता पूल म्हणावा, तर २०२२ मध्ये तुर्कस्तानात खुल्या झालेल्या चानाक्काले पुलाचा दोन मनोऱ्यांमधला विक्रमी गाळाही २,०२३ मीटरांचाच आहे. तळाखालून खडक फोडून जावे, तर पाच टक्के उताराने १,३०० मीटर खाली उतरायलाच २६ किलोमीटर लागतील, आणि पलीकडे तेवढेच चढावे लागेल. म्हणून तिथल्या रस्ते प्रशासनाने पाण्यातून जाणाऱ्या नळीचा गांभीर्याने अभ्यास केला. रस्त्यासाठी असा बोगदा जगात अजून कुठेही बांधला गेलेला नाही.

आता ‘जलमग्न’कडे वळतो. संस्कृतातला अर्थ पाहता हा शब्द चुकीचा नाही. परंतु ‘शेते जलमग्न झाली’ या वाक्यातून मराठी वाचकाला पाणी आत शिरल्याचेच कळते. बोगद्यात पाणी शिरणे हेच तर अभियंत्यांचे सर्वांत मोठे भय आहे! ‘बुडीत’ या शब्दाला धरणाखाली गेलेल्या गावांची आणि न फिटलेल्या कर्जाची छाया आहे, तर ‘निमज्जित’ हा शब्द ओरेसुंडसारख्या तळाशी नेऊन बसवलेल्या बोगद्यासाठी राखून ठेवणे सोयीचे होईल.

‘तरंगता’ मात्र मी आग्रहाने ठेवीन. तरंगणे म्हणजे पृष्ठभागावरच असणे, असे मराठीत नाही. धूलिकण हवेत तरंगतात आणि घारही आकाशात तरंगते. इथे तर हे क्रियापद यंत्रणेचे मर्मच सांगते. बाहेरून १२ मीटर व्यासाची आणि एक मीटर जाड भिंतीची काँक्रीटची नळी घेतली, तर तिचा प्रत्येक मीटर सुमारे ११६ टन समुद्राचे पाणी बाजूला सारतो, आणि काँक्रीटचे वजन भरते सुमारे ८६ टन. रस्त्याची फरशी, उपकरणे आणि मुद्दाम घातलेली भर धरूनही प्लावक बल, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर, थोडे वरचढ ठेवायचे आणि नळी तळाशी ताणलेल्या दोरांनी बांधायची, ही एक पद्धत. पतंगाची दोरी जशी पतंग वर जाऊ पाहतो म्हणून ताठ राहते, तसेच हे दोर. वरचढपणा कमी पडला तर लाटांच्या हेलकाव्यात दोर सैल होऊन पुन्हा झटक्याने ताणले जातील आणि त्या झटक्यांनी झिजतील. फार झाला तर दोर आणि नांगर अवाढव्य करावे लागतील. शिवाय हा हिशेब स्थिर राहत नाही, कारण नळीवर शिंपले आणि शेवाळ साचते, वाहनांचा भार बदलतो, आणि बर्फ वितळून आलेल्या गोड्या पाण्याने फिओर्डच्या वरच्या थराची घनता ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. सोग्नेफिओर्डसारख्या खोल जागी किलोमीटरभर लांबीचे दोर अवघड पडतात. तिथे उलट विचार करून नळी किंचित जड ठेवायची आणि पृष्ठभागावरच्या तराफ्यांना टांगायची, अशी कल्पना पुढे आली. मग जहाज तराफ्यावर आदळले तर तराफा तुटावा पण नळी शाबूत राहावी, अशी रचना करणे आले. प्रवाहामुळे नळीमागे आणि दोरांमागे एकाआड एक भोवरे सुटून कंपने निर्माण होतात, आणि हलणारी नळी किनाऱ्यावरच्या न हलणाऱ्या खडकाला जिथे मिळते तो सांधा तर मला साऱ्या रचनेतला सर्वांत नाजूक भाग वाटतो.

‘बोगदा’ या शब्दाविषयी मात्र खरोखर दुमत होऊ शकते. नॉर्वेजियन भाषेत याला ‘रॉरब्रू’, म्हणजे नळीपूल म्हणतात, आणि इटलीची मुख्य भूमी आणि सिसिली बेट यांमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीसाठी याच कल्पनेचा विचार झाला तेव्हा इटालियनांनी तिला ‘आर्किमिडीजचा पूल’ म्हटले. रचनेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण दोन तीरांमध्ये अधांतरी भार पेलणारी ही वस्तू आहे. परंतु वाहन चालवणाऱ्याला आत बंदिस्त नळी, दिवे, वायुवीजन आणि आग लागल्यास शेजारच्या नळीत निसटण्याची वाट, हेच अनुभवाला येणार, आणि तो अनुभव बोगद्याचा आहे. म्हणून औपचारिक लेखनात ‘जलांतर्गत तरंगता बोगदा’ आणि बातमीत ‘पाण्यातला तरंगता बोगदा’ असे लिहावे, असे माझे मत आहे.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. हा बोगदा ‘खणला’ असे लिहू नये. त्याचे खंड सुक्या गोदीत ओततात, गोदीत पाणी सोडून तरंगवतात, ओढबोटींनी जागेवर नेतात, जोडतात आणि मग खाली उतरवतात. तेव्हा त्यासाठी ‘बांधणे’ किंवा ‘उभारणे’ हीच क्रियापदे योग्य ठरतील.