घोड्याचं वीर्य तपासताना

अलिबाग-मुरूडकडे टांग्यासाठी पैदास करायची तर आधी हे ध्यानात घ्या: एका नमुन्यावर घोडा नापास करू नका. बरेच दिवस घोडीवर न गेलेल्या घोड्यात जुने शुक्राणू साचतात, आणि पहिल्या नमुन्यात मेलेले, डोकी सुटलेलेच जास्त दिसतात. त्या नमुन्यानंतर आठवडाभर विश्रांती द्या, मग तासाभराच्या अंतराने दोन नमुने घ्या. दुसऱ्यात एकूण संख्या पहिल्याच्या साधारण निम्मी येते. त्यात सरळ पुढे पोहणारे आणि आकाराने धड शुक्राणू निदान 100 कोटी हवेत. वीर्यातलं चिकट जेल गाळूनच मोजा: एकूण संख्या म्हणजे घनता (दर मिलीलिटरमधले शुक्राणू) गुणिले गाळलेल्या वीर्याचे मिलीलिटर. नुसती घनता सांगून कुणी घोडा विकत असेल तर सावध राहा.

नवशिक्याचा घोळ होतो तो बहुतेक तापमानात. बाटली, गाळणी, काचपट्टी, वीर्य पातळ करायचं दूध-ग्लुकोजचं विरळक, सगळं 37 अंशांवर. एसीच्या खोलीतल्या गार काचपट्टीवर उत्तम वीर्यही मेल्यासारखं दिसतं! साबणाचा, पाण्याचा थेंबही मारक. ऊनही नको. रंग पिवळट आणि वास उग्र असेल तर लघवी मिसळलीय, तो नमुना धरू नका.

वृषणकोशाची रुंदी कॅलिपरने (रुंदी मोजायच्या चिमट्याने) मोजा. 8 सेंमीच्या खाली असेल तर रोजची पैदास झेपणं कठीण.

शुक्राणू तयार व्हायला 57 दिवस लागतात, वर साठवणीचा आठवडा. म्हणून वैशाखात ताप येऊन गेला असेल तर खराब अहवाल पावसाळ्यातही येईल. 70 दिवसांनी पुन्हा तपासा.