जाहिरातीतली गाडी पाहायला जाण्यापूर्वी

प्रश्न : ऑनलाइन जाहिरात पाहून वापरलेली गाडी घेण्याचा माझा विचार आहे. पूर्वतयारी काय करावी?

उत्तर : सर्वप्रथम, त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि साधारण तितक्याच धावलेल्या गाड्यांच्या निदान दहा-बारा जाहिराती वाचून किमतीचा अंदाज घ्यावा; म्हणजे एखादी गाडी संशयास्पद स्वस्त असल्यास ते लगेच लक्षात येते. विक्रेत्याकडे १७ अंक-अक्षरांचा चेसिस क्रमांक (गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आधीच मागावा आणि प्रत्यक्ष भेटीत तो कागदपत्रांवरील व गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. प्रमाणित क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात, हेही ध्यानात असू द्यावे. गाडीवर कर्ज शिल्लक आहे का, हे स्पष्ट विचारावे.

इंजिन आधी सुरू करून ठेवू नये, अशी विनंती फोनवरच करावी, कारण सुरू होतानाची अडचण, खडखडाट किंवा धूर थंड इंजिनातच उघड होतो आणि हीच तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. टायरच्या बाजूवरील चार अंकी सांकेतिक आकडाही वाचावा : २३१९ म्हणजे टायर २०१९ सालातील तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी नवी आणि कमी धावलेली सांगितली असताना टायर मात्र अलीकडेच बदललेले दिसले, तर त्याचे कारण विचारावे. शक्यतो ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. गाडी न पाहता आगाऊ रक्कम मात्र कोणी कितीही घाई केली तरी पाठवू नये.