खेड्यातल्या ओपीडीत रिसर्च, गाइडलाइन्स खरंच वापरता येतात का, की पेशंट मागेल ते द्यावंच लागतं?

वापरता येतात. तुमच्या प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय की एक ज्येष्ठ डॉक्टर तुम्हाला सांगतात, "ते पेपर गोऱ्या लोकांवर केलेले, आपल्या माणसांना लागू होत नाहीत." ते वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो. निपाणी भागात सुरुवातीला ज्यांच्या दवाखान्यात बसायचो, त्यांच्या तोंडून हेच वाक्य मी उठता-बसता ऐकलंय.

माझी आई बेळगाव तालुक्यात सबसेंटरला (गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्राला) एएनएम, म्हणजे नर्स होती. 2006 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या गोळीचा जो अभ्यास आला, तो याच जिल्ह्यातल्या खेड्यांमधला. 1620 बायका. बाळ झाल्यावर लगेच निम्म्यांना 600 मायक्रोग्रॅम तोंडाने, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण बिनऔषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांत 12 टक्के होतं, खरी गोळी घेणाऱ्यांत ते 6.4 निघालं. गोळ्या देणाऱ्या कुणी प्रोफेसर नव्हत्या, एएनएम होत्या. घरी किंवा सबसेंटरला होणाऱ्या बाळंतपणांत खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी खाली लावून त्यांनी रक्त मोजलं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी याच कामासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घातली. आई स्वतः त्या अभ्यासात नव्हती, पण त्या पिशव्या तिने पाहिल्या होत्या. त्यामुळे "गोऱ्यांचे पेपर" म्हटलं की माझं डोकं तापतं.

आता निपाणीच्या त्या दवाखान्यातली, माझ्या सरांची गोष्ट. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एक मावशी खोकल्यासाठी यायच्या. डेक्साची (स्टेरॉइडची) एक सुई, पाच दिवस लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, एक कफ सिरप, हा सरांचा ठरलेला कागद. मावशींना बरं वाटायचं, थोड्या दिवसांनी परत यायच्या, परत तोच कागद. "सरांच्या हाताला गुण आहे," असं त्या स्वतः चार बायकांना सांगायच्या. मी सरांना म्हटलं, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, वजन उतरलंय, थुंकी तपासायला पाठवूया. सर म्हणाले, वखारीतल्या सगळ्याच बायका खोकतात, तंबाखूची धूळ आहे ती. आणि टीबीचं नाव काढलंस तर उद्या ती समोरच्या दवाखान्यात जाईल, घरात लग्नाची पोरगी आहे तिच्या.

लग्नाच्या पोरीचं खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण बाकीचं चूक होतं. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं. त्यामुळे पेशंटला काही दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं. ज्याला गुण म्हणतात, धोका नेमका तिथेच असतो. हे कुठल्या गोऱ्या माणसाच्या छातीपुरतं नाही. टीबी इथे जास्त आहे, म्हणून ते इथेच जास्त लागू आहे. सर बाहेरगावी गेलेले असताना मी चिठ्ठी लिहिली, आशाताईंना बरोबर दिलं आणि मावशींना सरकारी दवाखान्यात पाठवलं. थुंकी पॉझिटिव्ह आली. सर परत आल्यावर म्हणाले, "लागला तुझा नेम." नेम कसला? दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकी तपासायची हे सरकारी कार्यक्रमात स्पष्ट लिहिलेलं आहे. मावशी सहा महिन्यांच्या औषधांनी बऱ्या झाल्या. मी त्याआधीच तिथून निघालो होतो.

तर तुमच्या ओपीडीचं. साध्या खोकल्यात, म्हणजे छाती साफ, धाप नाही, माणूस चालता-फिरता, तेव्हा अँटिबायोटिकने जेमतेम अर्धा दिवस वाचतो. असा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो आणि पेशंट धरून चालतो आठवडा. म्हणून आठव्या दिवशी तो चिडून परत येतो आणि आपण घाबरून पावर वाढवतो. पहिल्याच दिवशी सांगून टाका की हा लांबणार. मात्र तो अठराचा आकडा इथे जसाच्या तसा लावू नका, आपल्याकडे टीबी आहे, म्हणून चौदाव्या दिवशी थुंकी तपासायची. "सुई मारा की डाक्टर" म्हणून अडून बसणाऱ्याशी भांडू नका. नीट तपासा, स्टेथो लावा, छाती साफ आहे हे तोंडाने सांगा, हवं तर अँटिबायोटिक गोळ्यांची चिठ्ठी लिहून द्या आणि तीन दिवसांनी उतार नसेल तरच घ्या म्हणा. बरेच जण घेतच नाहीत, यावर अभ्यास झालेले आहेत. चिठ्ठीवरच्या सूचना मराठीत की कन्नडमध्ये, ते त्याला विचारून लिहा. पोरांच्या जुलाबाला ओआरएस आणि झिंक, 20 मिलिग्रॅम, सहा महिन्यांच्या आतल्याला 10, दहा ते चौदा दिवस; शौचात रक्त नसेल तर अँटिबायोटिक नाही. सलाईन ज्याला खरंच लागतं त्यालाच. सुरुवातीला काही पेशंट तुटतील. तुटू द्या.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल. मोठ्या हॉस्पिटलात सिद्ध झालेलं सगळं गावात चालतंच असं नाही. मुदतीआधी बाळंत होणाऱ्या बायकांना स्टेरॉइड देण्याचा फायदा जगभर मान्य होता. ते गावपातळीवर नेऊन पाहिलं, सहा देशांत, त्यात आपलं बेळगाव आणि नागपूरही होतं. 2015 मध्ये निकाल आला: लहान वजनाच्या बाळांना फायदा दिसला नाही आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. नंतर 2020 मध्ये, जिथे बाळांची नीट काळजी घेता येते अशा हॉस्पिटलांत, तेच औषध उपयोगी ठरलं. तेव्हा आपल्याकडे वेगळं असू शकतं हे खरंच आहे. पण ते मोजून कळतं, खुर्चीत बसून नाही. तुमच्या ज्येष्ठांना एवढंच विचारा की कोणता पेपर, कोणत्या माणसांवर आणि लागू का नाही. माझ्या सरांना यातलं एकही सांगता आलं नव्हतं.

आणि टीबीचा पेशंट सापडला की सरकारकडे नोंद करा. 2012 पासून ती खाजगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे, आणि निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नाव चढल्याशिवाय पेशंटला आहारासाठीचे महिन्याचे 1000 रुपये मिळत नाहीत.